पुलीचा स्क्रू

स्क्रू पुन्हा ढिला झाला होता.

अपूर्वाने लाँगबोर्ड उलटा केला आणि मोटरच्या दांड्यावरची छोटी पुली बोटाने फिरवून पाहिली. ती जागच्या जागी गरगरली. काल संध्याकाळीच तिने तो स्क्रू हात दुखेपर्यंत आवळला होता.

"नवशिक्यांचं असंच होतं," उल्हास म्हणाला. ऑफिसला निघताना तो केलरमध्ये डोकावला होता. "पुन्हा आवळ. शिकशील हळूहळू."

केलर म्हणजे इमारतीचं तळघर. स्टुटगार्टच्या त्या चढावरच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे लाकडी पट्ट्यांची एक खोली होती, नुसत्या कडीची. पुण्यातली बँकेची नोकरी सोडून अपूर्वा नवऱ्याबरोबर इथे आली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. जर्मनचा क्लास, स्वयंपाक, खिडकी. मग एकदा बागेत तिच्याच वयाची एक बाई इलेक्ट्रिक लाँगबोर्डवर नुसती उभी राहून चढ चढून गेली. अपूर्वा बघतच राहिली.

तयार बोर्ड परवडण्यासारखा नव्हता. जुनी फळी, कुणाची तरी वापरलेली मोटर, स्वस्तातली बॅटरी असं जमवत, व्हिडिओ बघत तिने तो स्वतःच बांधायला घेतला. आयुष्यात तिने कधी फ्यूजही बदलला नव्हता. रिमोट दाबल्यावर चाक पहिल्यांदा फिरलं तेव्हा ती तळघरात एकटीच नाचली.

बोर्डला वेगळा ब्रेक नव्हता. मोटरच पट्ट्याने चाक थोपवायची. पुली सुटली की ब्रेक गेला.

एका दुपारी ती खाली गेली तर तिच्या खोलीत कुणीतरी उकिडवं बसलेलं. तळमजल्यावरचे हेबर्ले. एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ. बोर्ड त्यांच्या मांडीवर उलटा होता आणि हातात स्क्रूची किल्ली.

अपूर्वा किंचाळली. ते धडपडत उठले, बोर्डकडे बोट करत श्वेबिशमध्ये, तिथल्या बोलीत, भराभर काहीतरी सांगू लागले. तिला एकच शब्द लागला, 'ब्रेम्जे'. ब्रेक. त्यांनी तिचं मनगट धरलं. ती हिसडा देऊन वर पळाली.

संध्याकाळी उल्हास त्यांच्याकडे जाऊन आला.

"काय म्हणाले?"

"ब्रेम्जे नाही गं, ब्रेखे. मोडून टाकीन म्हणतोय. त्याला आवाजाचा त्रास होतो."

"पण मी नीट ऐकलं, उल्हास."

"तुला श्वेबिश कळतं? मलाच निम्मं कळतं." त्याने तिला जवळ घेतलं. "घाबरू नकोस. हाउसफेरवाल्टुंगला, बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला मेल टाकतो."

दुसऱ्याच दिवशी त्याने खोलीला दणकट कुलूप लावलं. एक किल्ली तिच्याकडे, एक त्याच्याकडे. त्यानंतर स्क्रू ढिला झाला नाही.

हेबर्ले मात्र एकदा वर आले. उल्हास घरी नव्हता. दाराच्या भिंगातून अपूर्वाने पाहिलं. म्हातारा दारावर तळवा टेकवून उभा होता, काहीतरी पुटपुटत होता, तेच तेच. तिने दार उघडलं नाही. बराच वेळ तो हललाही नाही.

मीनल या मराठी मैत्रिणीकडे दोघं जेवायला गेले तेव्हा बोर्डचा विषय निघाला. उल्हास सगळ्यांना म्हणाला, "मी रोज सांगतो, नको ते भलतं धाडस. ऐकेल तर शपथ!" सगळे हसले. अपूर्वाही हसली. घरी तो असं कधीच म्हणाला नव्हता. चारचौघांत काळजी दाखवायला आवडतं पुरुषांना, तिला वाटलं.

रस्त्यावर असा बोर्ड चालवायला परवानगी नव्हती. चाचणीसाठी उल्हासनेच जागा शोधली, गावाबाहेरच्या एका बंद कारखान्याचं आवार. "उतार आहे थोडा. ब्रेकची परीक्षा उतारावरच होते ना? गेनाऊ, अगदी तशीच जागा."

शनिवारी सकाळी ती आवरून येईपर्यंत त्याने बोर्ड तळघरातून आणून दाराशी ठेवला होता. त्याला मात्र अचानक क्लायंटचा कॉल आला. "तू हो पुढे," तो म्हणाला आणि तिच्या हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः लावला.

सपाटीवर बोर्ड लोण्यासारखा धावला. वारा कानाशी वाजत होता. अपूर्वा मोठ्याने हसली आणि उताराला लागली. मध्यावर तिने ब्रेक दाबला. बोर्ड क्षणभर अडला, मग पायाखाली मोटर मोकळीच घरघरली. खाली फाटक सताड उघडं होतं. पलीकडे रस्ता, रस्त्यावर ट्रक.

तिने कडेच्या गवतात अंग झोकून दिलं. बोर्ड एकटाच फाटकातून बाहेर गेला. फळी मोडल्याचा आवाज आला.

कोपर सोलवटलं होतं, फोन फुटला होता. ती आधी रडली, मग हसू लागली. हेबर्लेंना दोष देण्याची सोय नव्हती, कुलूप शाबूत होतं. म्हणजे स्क्रू आपणच कच्चा आवळला. आता बांधू तो याहून पक्का बांधू. उल्हास चिडवणार, चिडवू दे.

घरी आली तेव्हा हेबर्ले आपल्या दारात उभे होते. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती घाईने जिना चढली.

बेल वाजवणार, तोच आतून उल्हासचा आवाज आला. रडवेला.

"आई, मी उल्हास बोलतोय. बाबा जवळ आहेत का? आई, आपली अपूर्वा गेली हो... त्या बोर्डवरून... मी किती सांगत होतो तिला..."

अपूर्वाचा जीव कळवळला. कुणीतरी तिला पडताना पाहिलं असणार, याला काहीतरी भलतंच कळवलं असणार. तिकडे पुण्यात आईचं काय झालं असेल! मी आहे, मी जिवंत आहे, असं ओरडायला तिने तोंड उघडलं.

आत उल्हास थांबला. त्याने घसा खाकरला, घोटभर पाणी घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आई, मी उल्हास बोलतोय," आणि या वेळी त्याचा आवाज 'आई' म्हणतानाच फुटला.