एका नावाच्या दोघी

जन्म, मृत्यू, लग्न, तीन मुलं. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी जुळवून संगणकाने एका बाईचं आयुष्य असं मांडलं. "मेल्यावर लग्न? भुताटकी आहे गं, पुसून टाक," शेजारचा सहकारी खिदळला. नोंदी तपासणारी हसली नाही. "भूत नाही, धाकटी बहीण. थोरली गेली, तिचंच नाव हिला ठेवलं." "तुला काय माहीत?" तिने टाचण्या ठेवलेली बारशाची चांदीची वाटी पुढे सरकवली. वाटीवर कोरलेलं नाव तिचं होतं, साल मात्र तिच्या जन्माआधीचं. मग धाकटीच्या जन्माची नोंद शोधून तिने दोघींना वेगळे क्रमांक दिले. कुणीच पुसलं गेलं नाही. बाहेर येऊन फोन लावला. "आई, वाटी ताईची ना? मग माझी कधी करतेस?" घरात ताईचा विषयच निघत नसे. आई नाक ओढत हसली. "चाळिशीत वाटी हवीय होय गं!"