कानाचा रंग

सारजाबाईंनी सुपातल्या तान्ह्या पोरीचा कान चिमटीत धरला, उजेडाकडं वळवला आणि निकाल देऊन टाकला. "काळी. पार काळी."

तान्ह्या लेकराचा रंग फसवा असतो. पहिले आठ-दहा दिवस कुठलंही पोर लालसरच दिसतं. म्हणून जाणत्या बायका तोंड बघत नाहीत, कानाची कड बघतात. कड जशी, तसं पोर पुढं होणार. कुरुळीत कुणाकडं बाळंतपण झालं की कान बघायला सारजाबाईंनाच बोलावणं यायचं, आणि त्याही मोठ्या तोऱ्यात जायच्या. स्वतः गोऱ्या होत्या. देवानं दुसरं काही विशेष दिलं नव्हतं, पण एवढं दिलं होतं, आणि तेवढ्यावर त्या उभा जन्म मिरवत आल्या होत्या.

आज आकुर्डीच्या ह्या घरात दोन सुपं होती आणि दोन पोरी होत्या. एक सारजाबाईंच्या लेकीची, एक सुनेची. दोन्ही घरांचं साटंलोटं होतं. चार वर्षांपूर्वी एकाच मांडवात त्यांची शालन ह्या घरच्या अर्जुनला दिली आणि अर्जुनची बहीण रंभा त्यांच्या गेनूला केली. तसा शब्द सारजाबाईंच्या मालकांनी, बबनरावांनी, दिला होता. बबनराव पुढं वारले, आणि काळी सून सारजाबाईंच्या गळ्यात पडली, असं त्या भेटेल त्याला सांगत. रंभाचं हे पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. शालनचं दुसरं, म्हणून ती सासरीच राहिलेली. एका आठवड्यात दोघी मोकळ्या झाल्या. आता दोघी आतल्या खोलीत बाजेवर पडून शेक घेत होत्या.

कुठली पोर कुणाची, हे सारजाबाईंनी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? गोरी होती ती त्यांनी मांडीवर घेतली, तिचा मुका घेतला, "शालनचंच नाक हाय बघा," म्हणाल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्या गालाला काजळाची तीट लावली.

"हिला बी लावा की," विहीण गोजाबाई दुसऱ्या सुपाकडं बोट दाखवून म्हणाल्या.

"हिला?" सारजाबाई हसल्या. "दिसायची कुठं?"

गोजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ओसरीवर दावं वळत बसलेल्या अर्जुनचे हात थांबले. सारजाबाईंना मात्र आता जोर चढला होता.

"स्पष्ट सांगते, इहीणबाई. तुमची रंभा चार वरसं खपवून घेतली. आता ही दुसरी काळी मी उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. माझा गेनू पिंपरीच्या कंपनीत लागलाय, पगारी हाय. मोशीची पोरगी बघून ठिवलीया मी, दुधासारखी. पंचांम्होरं काडी मोडायची आन् मोकळं व्हायचं."

"तुमचा गेनू तरी कुठं गोरा हाय?" गोजाबाई म्हणाल्या.

"बाप्याला रंग नसतो. पोरीला असतो."

हे त्या इतक्या सहज बोलल्या, की त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. गेनू तव्यासारखा होता, पण त्याला कुणी काळा म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रंभा त्याच्यापेक्षा चांगली दोन बोटं उजळ होती, आणि घरात तिला हाक होती कोळसा. तिच्या हातची भाकर चालायची, पण पाहुणे आले की तिनं चुलीपुढून उठायचं नाही. सणावाराला नवं लुगडं मागितलं की, "तुला काय करायचंय रंगीत?" रंभानं ह्यातलं अवाक्षर माहेरी सांगितलं नव्हतं. शालननं मात्र पहिल्या बाळंतपणाला कुरुळीला गेल्यावर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ती गप्प बसली होती.

गोजाबाई काही बोलणार, तोच अर्जुन दारात आला. "आई, तू गप बस," तो म्हणाला. मग सासूकडं वळला. "मामी, एकदा नीट सांगा. काळी पोर जिच्या पोटची, तिनं माहेरी बसायचं. ह्योच तुमचा शब्द?"

"ह्योच."

"साट्यात एकीला जे, तेच दुसरीला. ठाऊक हाय न्हवं?"

"मला काय भ्या दावतोस?" सारजाबाई कडाडल्या. "माझ्या शालनला अशी झाली असती, तर मीच तिला गाडीत घालून घरी नेली असती. लाजंनं मान खाली घातली असती मी!"

एवढ्या आवाजानं काळी जागी झाली आणि टाहो फोडून रडायला लागली. सारजाबाईंनी ते सूप पायानं बाजूला सारलं. सुपाला पाय लावलेला पाहून गोजाबाईंनी डोळे मिटून घेतले. गोरीला छातीशी धरून सारजाबाई तिला थोपटत राहिल्या.

आतल्या खोलीचं दार उघडलं. डोक्याला फडकं बांधलेली, अंगाला धुरीचा वास येणारी शालन भिंतीला धरून बाहेर आली. मागून रंभा आली आणि दारातच उभी राहिली. शालननं आईच्या मांडीवरच्या पोरीकडं पाहिलंही नाही. ती खाली वाकली, सुपातल्या पोरीला उचललं आणि पदराखाली घेतलं. रडणं थांबलं.

"गाडी जुंपायला सांग, आई," शालन म्हणाली. "ही काळी माझी हाय."