एव्हरिलची केबिन

"ही केबिन नका घेऊ," सफरींची तिकिटं काढून देणारी गेनर म्हणाली. तिनं बोटीचा नकाशा डेझमंडसमोर फिरवला आणि सहाव्या मजल्यावर पेन्सिल टेकवली. "बघा मिस्टर पर्किस. डोक्यावर नाचाचा हॉल. बाजूला लिफ्ट. खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली, म्हणजे समुद्र दिसायचं नाव नको. दुश्मनालासुद्धा मी ही देणार नाही."

"माझ्या बायकोनं हीच घेतलीय."

"त्यांनाही दरवर्षी हेच सांगायचे मी. हसायच्या आणि म्हणायच्या, गेनर, मला आपली तीच दे."

त्याची बायको एव्हरिल जानेवारीत वारली. मे महिन्यात तिच्या नावानं बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. सप्टेंबर, नॉर्वेची सफर, केबिन ६१२७. आदल्या सफरीवरून परतल्याबरोबर तिनं गेनरकडे पुढच्या वर्षीची जागा धरून ठेवली होती.

अकरा वर्षं ती दर सप्टेंबरात साऊदॅम्प्टनहून एकटीच निघायची. डेझमंडला समुद्र सोसत नसे. पलीकडच्या वाइट नावाच्या बेटावर जातानासुद्धा त्याला उलट्या व्हायच्या. सगळं आयुष्य त्यानं ईस्टलीच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचं लाकूडकाम केलं. जमीन सोडायची त्याला हौसच नव्हती. "तू जा, मी टोमॅटो बघतो," तो म्हणायचा. घरी दुसरं होतंच कोण? सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मूल झालं नाही, आणि पुढेपुढे दोघांनी तो विषय काढणंही सोडून दिलं.

पण त्याला एक गोष्ट उमजेना. एव्हरिलची झोप भारी सावध. घड्याळाच्या टिकटिकीनं जाग येते म्हणून त्यानं स्वतः ते स्वयंपाकघरात नेऊन टांगलं होतं. अशी बाई आठवडाभर नाचाच्या हॉलखाली कशी झोपत असेल?

"मी तुम्हाला खालच्या मजल्यावर मधोमध देते," गेनर म्हणाली. "तिथं बोट कमी डोलते. तुमच्या पोटाला बरं पडेल."

"पोटाचं मी बघतो. तू नाव तेवढं बदल."

गेनरनं त्याच्याकडे पाहिलं आणि नाव बदललं.

पहिले दोन दिवस तो केबिनमध्ये पडून होता. वर ढोल आणि टाचा. भिंतीपलीकडे लिफ्टची घंटा. खिडकीत होडीचं नारिंगी पोट. तो आल्याचं बिस्किट चघळत एव्हरिलच्या पलंगावर कुशीवर वळून राही. इथं आलो की तिच्याजवळ आल्यासारखं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. घरी निदान तिचे कोट तरी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी केबिन आवरणारा रोडेल चहा घेऊन आला. ट्रेमध्ये दोन कप होते.

"दोन कशाला?"

"सवय हो साहेब. या केबिनमधल्या मॅडमना बर्गन बंदरापासून दोन लागायचे." रोडेल जरा घुटमळला. "यंदा नाही आल्या त्या. तुम्ही ओळखता त्यांना?"

"शेजारी आहे मी," डेझमंड म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

रोडेल खुलला. "मग सांगा हं त्यांना, रोडेलनं विचारलंय म्हणून. लाखात एक बाई! बर्गनला पलीकडची केबिन भरते ना, तेव्हा हे मधलं दार मीच उघडून द्यायचो. अशी जोडकेबिन अख्ख्या बोटीवर ही एवढीच. मग काय, उतरेपर्यंत नुसतं हसणं नि गप्पा."

"पलीकडे कोण असतं?"

"एक साहेब असतात. फार जीव त्यांचा मॅडमवर. आजही येतायत, यादीत नाव आहे. दार उघडून ठेवू का?"

डेझमंडनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"ठेव," तो म्हणाला.

रोडेल गेल्यावर त्यानं बॅग भरली. बर्गनला उतरायचं, विमानानं घरी जायचं, बस्स. अकरा सप्टेंबर त्याच्या डोळ्यांपुढून सरकले. ऑगस्टमध्ये ती नवा स्वेटर घ्यायची. परत यायची तेव्हा चेहरा कसा उजळलेला असायचा! आल्याआल्या त्याला मिठी मारायची, त्याच्यासाठी मटणाची अख्खी तंगडी भाजायची, आठवडाभर त्याच्या मागेपुढे करायची. समुद्राची हवा मानवली हिला, असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. सगळ्यांना!

ती गेल्यापासून तो नुसता एकटा होता. आता ती होती तेव्हाही आपण एकटेच होतो, असं त्याला वाटू लागलं.

दुपारी बोट बर्गनच्या धक्क्याला लागली. माणसं उतरली, नवी चढली. डेझमंडनं बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि परतला. त्यानं तोंड धुतलं. टाय बांधला. मधल्या दारासमोर खुर्ची ओढून बसला. काय बोलायचं ते त्यानं जुळवून ठेवलं होतं: ती मेली, मी तिचा नवरा. त्या माणसाला याहून एक शब्द जास्त द्यायचा नाही.

पलीकडे बॅगेची चाकं वाजली. कुणीतरी खाकरलं. मग दारावर हलकेच दोनदा टकटक झाली.

डेझमंड उठला आणि त्यानं दार उघडलं.

समोर पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला एक माणूस उभा होता, हातात केकचा खोका. त्यानं डेझमंडला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा फुलत गेला.

"तुम्ही डेझमंड!" तो म्हणाला. "म्हणजे आईनं शेवटी तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं तर!"