आतून कडी

"डी-चारला आतून कडी कुणी लिहिली?" गिऱ्हाइकाने विचारलं, आणि रेघबाईच्या मानेतली कळ पुन्हा जागी झाली.

रेघबाई म्हणजे आर्किटेक्टच्या ऑफिसातली ड्राफ्ट्समन. साहेब आराखडा आखून साइटवर पळायचे आणि मागचं सगळं हिच्या गळ्यात. आज दारं-खिडक्यांचा तक्ता मंजूर करून घ्यायचा होता. कुठलं दार किती रुंद, लाकूड कुठलं, बिजागऱ्या किती, कडी कसली. एक खिडकी चार बोटं सरकली की तक्ता बदलतो, आणि तक्ता बदलला की नकाशा. ही सातवी दुरुस्ती होती. स्क्रीनवर तिला आता आकडे नाही, मुंग्या दिसत होत्या.

"सगळ्याच बेडरूमना असते, सर." खरं तर तो रकाना तिने मागच्या बंगल्याच्या फाइलीतून जसाच्या तसा उचलला होता. पण ते कोण कशाला सांगतंय!

"डी-चार म्हणजे बाबांच्या खोलीचं दार. तिथली काढा." त्याने छापील कागदावर पेनाने काटही मारली.

बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून गच्चीच्या दारापर्यंत त्यांनी सगळ्याला मान डोलावली होती. आता ते पुढे सरकले.

"का काढायची?"

"का ते तुम्हाला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे. तरी राहू दे."

रेघबाईने माउसवरचा हात काढून घेतला. बापलेकाची जुंपली की घर अडतं, हा तिचा नेहमीचा अनुभव, आणि आज तिला वेळेवर घरी जायचं होतं. मनातल्या मनात तिने दोघांनाही हात जोडले.

"मॅडम," मुलगा तिच्याकडे वळला, जणू तिला पटलं की झालं, "आई आत पडली होती. कडी आतून. मी बाहेरून बडवतोय आणि दार ढिम्म हलत नाही. शेवटी सुतार बोलावला. तो हत्यारं घेऊन येईपर्यंत..."

"कडीमुळे नाही गेली ती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला."

"मी बाहेर उभा होतो ना, बाबा!"

रेघबाईला स्वतःची लाज वाटली. मघापासून ती घड्याळाकडे बघत होती.

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मग त्या चष्म्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मी बोलतो तुझ्या आईशी. रोज. मोठ्याने. परवा सूनबाई एकदम आत आली. म्हटलं, फोनवर आहे. फोन तिच्याच हातात होता. चार्ज करून द्यायला आली होती."

मुलाला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं.

"मला बोलली नाही ती."

"शहाणी आहे. पण तेव्हापासून माझं सगळं लक्ष दाराकडे. निम्मं बोलणं राहून जातं."

"आम्ही वाजवून येत जाऊ."

"दोन दिवस वाजवाल."

"आणि कडी आतून असताना मी हाक मारली, तुम्ही ओ दिली नाहीत, तर?"

"तर सुतार आहेच की," बाबा म्हणाले.

मुलाने कागद पुन्हा पुढे ओढला. मग काटेशेजारी 'राहू द्या' असं लिहून त्याने खाली सही केली. बाबांनी चष्मा चढवला, खुर्चीच्या हातांवर भार देत उठले आणि जिन्याकडे निघाले.

तो मागे रेंगाळला. टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, कडीचे स्क्रू छोटे लावायला सांगा. अगदी छोटे. एका धक्क्यात निघतील असे."

"काय रे, काय राहिलं?" जिन्यातून हाक आली.

"काही नाही, बाबा. खिडकीची उंची विचारत होतो."

तो गेला. रेघबाईने खांद्याला लावलेली पर्स पुन्हा खाली ठेवली. तक्त्यात स्क्रूचा रकाना नव्हता. कुठल्याच घराच्या तक्त्यात नसतो. तिने एक नवा रकाना पाडला, बाकी सगळ्या दारांपुढे आडवी रेघ दिली आणि डी-चारपुढे लिहिलं, 'स्क्रू छोटे'. सुताराच्या नजरेतून सुटू नये म्हणून तेवढी अक्षरं ठळक केली.