दोन प्रीअँप

सांगलीच्या दुकानातून आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घरच्या स्टिरिओचा आवाज सुधारायला दोन प्रीअँप ऐकून बघायला आणले होते. एकच गाणं दोन्हींवर लावून त्यांनी पुण्याला माझ्या धाकट्या भावाला फोन केला आणि फोन स्पीकरपुढं धरला. "भरतेश, कुठला ठेवू रं? तुझा कान लय तयार हाय." शेजारी मी शेंगा फोडत होते. अण्णांनी मला शेंगांचा आवाज बंद करायची खूण केली. भरतेश म्हणाला, "दुसरा." दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा झोपेतच गेले.

आज भरतेश त्या दुसऱ्या प्रीअँपच्या वायरी सोडवत म्हणाला, "ताई, हा पुण्याला नेतो. माझ्याच पसंतीचा हाय."

त्याच्यासमोरच मी अण्णांच्या फोटोकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, मला का नाही विचारलंत? मी इथंच होते की."