घर नंबर एकशे सदतीस

"एकशे सदतीस." डॉ. चौबळांनी गठ्ठ्यातून सर्वेक्षणाचा एक फॉर्म उपसला. "चला अभयकुमार, या घरी जाऊन पडताळू."

अभयकुमारने घाईघाईने दुसराच फॉर्म पुढे केला, पण सर निघालेही. पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात घरं होती एकशे एकतीस. एम.डी.च्या प्रबंधाला हवी होती दीडशे. उरलेली एकोणीस त्याने जळगावात, वडिलांच्या कापडदुकानाच्या गादीवर बसून भरली होती. चक्क मनाने! पुढच्या खेड्यापर्यंत उन्हात तंगडतोड कोण करणार? आणि गाईड चौबळ सर धुळ्याहून जीप काढून तपासायला येतील, असं कुणाच्या बापाला वाटलं होतं?

आता खोटं उघडं पडलं की प्रबंध रद्द. तीन वर्षं मातीत.

मलेरियावाल्यांनी दारांवर गेरूने घातलेले नंबर वाचत सर पुढे चालले होते. एकशे तीस. एकशे एकतीस. काय थाप मारावी, याची अभयकुमार मनात जुळवाजुळव करत होता.

"हे काय, सापडलं," सर म्हणाले.

दारावर गेरूत एकशे सदतीस होतं. नवी घरं झाली असतील, अभयकुमारने स्वतःला समजावलं. पण आत माणसं भलतीच निघणार, मग काय?

एक बाई बाहेर आली. "या भाऊ, बसा."

"उत्तर तोंडात घालायचं नाही, नुसतं विचारायचं," सरांनी त्याला बजावलं आणि स्वतःच सुरुवात केली. "बाई, नाव काय?"

"कुंदाबाई."

फॉर्मवरही कुंदाबाईच होतं. असेल! गावोगावी एक कुंदाबाई असतेच.

"घरात माणसं किती?"

"बठ्ठा मिळीसन चार. आम्ही दोन, दोन पोरी."

हेही जुळलं. घरोघरी मातीच्याच चुली, आकडे जुळायचेच. तरी अभयकुमारने दारावरचा नंबर पुन्हा एकदा वाचून पाहिला.

"वर्षभरात कुणी गेलं?"

"तान्ही पोर. ताप उना, तिसरा दिन गई."

एकोणीस घरांत एकही मृत्यू नाही, हे विचित्र दिसलं असतं. म्हणून अभयकुमारने याच एका फॉर्मवर एक तान्ही मुलगी लिहिली होती. ताप, तीन दिवस.

"शाब्बास! अक्षर न् अक्षर बरोबर. प्रबंध मंजूर समजा." सरांनी फॉर्मवर सही ठोकली आणि ते जीपकडे निघाले.

सुटलो बुवा! अभयकुमारचा जीव भांड्यात पडला. तो वळणार, तोच बाईने त्याची बाही धरली.

"डॉक्टरभाऊ, दोन पोरी तुम्ही जित्या लिख्यात. मंग तिसरीले काबर मारी टाकं?"