खिडकीतला पेला

दार नुसतं लोटलेलं होतं. लेकीने ते ढकललं आणि आधी उंबऱ्याशी पाहिलं. आईच्या चपला जोडीने तिथेच होत्या. मग तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीचा कट्टा रिकामा होता.

लेक परिचारिका होती, तीही आता निवृत्तीला आलेली. सकाळी शेजारच्या शिंपीणमावशीचा फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच कुणाच्या आईच्या उशाशी बसली होती. मिळेल ती गाडी पकडून ती निघाली, पण उशीर व्हायचा तो झालाच. आई गेली होती. तिला चर्चमध्ये नेलं होतं आणि घरात चिटपाखरू नव्हतं.

या घराची तिची सगळ्यात जुनी आठवण म्हणजे जगाच्या शेवटाची तयारी. बाबा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचे. साऱ्या गावाची दारं बंद करून देणारा हा माणूस स्वतःच्या दाराला मात्र कुलूप लावू द्यायचा नाही. प्रभू आपल्या माणसांना न्यायला कधीही येईल, त्याला काय दारात ताटकळत ठेवायचं? घरात एक कपाट होतं. त्यात शेवटच्या दिवसांसाठी मेणबत्त्या, काडेपेट्या, मीठ, तांदूळ आणि साखर. त्याला एरवी हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी तिघांनी गुडघे टेकायचे, दिवसभरातल्या चुका कबूल करायच्या, भांडण झालं असेल तर मिटवायचं आणि मगच ताटावर बसायचं. त्यामुळे आई-बाबांची भांडणं फार छोटी असायची. पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस लवकर क्षमा करतो, असं आई म्हणायची. जगाच्या शेवटाची वाट बघणारं ते घर इतकं आनंदी होतं, की तसं दुसरं घर लेकीला पुढे कुठेच सापडलं नाही.

एका दुपारी ती शाळेतून आली. दार उघडं, शेगडीवर दूध उतू गेलेलं, आईच्या चपला उंबऱ्याशी आणि आई गायब. हाका मारून मारून तिचा घसा बसला. मग ती बाबांच्या दुकानाकडे पळाली. तिथे कानस होती, हातोडी होती, बाबा नव्हते. कोपऱ्यावरचा शिवराळ न्हावी तेवढा कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत जागच्या जागी होता. त्याला पाहून तिची खात्रीच पटली. प्रभू येऊन गेला होता. चांगली माणसं घेऊन गेला होता. आणि ती मागे राहिली होती, कारण कपाटातली साखर तिने चोरून खाल्ली होती.

झालं होतं इतकंच, की बाबा कुणाचं तरी अडकलेलं दार उघडायला गेले होते. आणि शिंपीणमावशीचं बाळ पलंगावरून पडलं म्हणून आई अनवाणीच धावली होती. ती परत आली तर पोर उंबऱ्यावर बसून साखरेबद्दल देवाची माफी मागत होती.

आई आधी खूप हसली. मग पोरीचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. तिने स्टीलचा एक पेला घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

"हे बघ. बाहेर जाताना मी हा असा पालथा घालून जाईन. पेला दिसला की समजायचं, आई इथेच जवळपास गेलीय, येईलच. प्रभूने एकदम उचलून नेलं तर पेला घालायला वेळ कुठला मिळायला?"

"आणि तो खरंच आला तर?"

"तर म्हणेन, जरा दम धरा. माझी पोर यायची आहे."

"प्रभूला कुणी दम धरा म्हणतं का?" दारातून आत येत बाबा म्हणाले.

"मी म्हणेन," आई म्हणाली.

पुढे बाबा गेले. शेवटच्या दिवसांच्या मेणबत्त्या वीज गेल्यावर एकेक करून जळून गेल्या. लेक नोकरीसाठी दूर राहायला गेली. पण सुट्टीत ती घरी यायची आणि आई बाजारात गेलेली असायची, तेव्हा पेला खिडकीत असायचाच. तो दिसला की लेक निवांत पाय पसरून बसायची. आपले केस पिकलेत हे तिच्या लक्षातही राहायचं नाही.

आज पेला नव्हता. म्हणजे आईने दम धरला नव्हता, लेकीची आठवणही तिला झाली नव्हती. या वयात असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेऊ नये, हे लेकीला कळत होतं. तरी ती उंबऱ्यावर बसली आणि त्या दुपारसारखीच हमसाहमशी रडली.

तिला चर्चमध्ये न्यायला शिंपीणमावशी आली. आता तीही काठी टेकत चालत होती.

"ऊठ बाळा. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत. आधी घोटभर पाणी पी." बोलत बोलतच मावशी आत गेली आणि मांडणीवरून तिने पेला काढला. "शेवटी भ्रमच झाला होता गं तिला. पेला दे म्हणाली. मला वाटलं, तहान लागली असेल. भरून दिला तर सगळं पाणी ओतून टाकलं. उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी माझा हात धरून खिडकीपर्यंत गेली आणि पेला तिथे पालथा घातला. मग पडली ती पडलीच. नंतर घर आवरताना मीच तो धुऊन जागेवर ठेवला."

मावशीने पेला माठात बुडवायला हात पुढे केला. लेकीने तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

"हा इथेच राहू दे, मावशी. आई जवळपासच गेलीय, येईलच."